चाकांमागच्या विटा

एसटीचा संप चालू असताना, मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी माझ्या वहिनीने भावाची गाडी शेडमधून काढली आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधजवळच्या आमच्या गावातून सांगलीपर्यंत चालवत नेली. तिच्याजवळ परवाना नव्हता. त्याआधी तिने गाडी आमच्या अंगणाबाहेर कधीही नेलेली नव्हती. गाडीत आम्ही दोघीच होतो, ती आणि मी. मी नुकतीच अकरावीची परीक्षा दिली होती.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, आण्णाची. तो सैन्यात ड्रायव्हर होता. ज्या साहेबांकडे तो होता, त्यांची बदली लांब झाली, तेव्हा त्यांची स्वतःची जुनी पांढरी गाडी त्याने विकत घेतली, सुट्टीत गावी आणली आणि गोठ्याच्या अंगाला तिच्यासाठी पत्र्याची शेड उभी केली. सुट्टी संपली, तो परत गेला, गाडी राहिली. त्याच वर्षी त्याचे लग्न झाले. युनिट होते तिथे कुटुंब नेता येत नव्हते, म्हणून मंगलवहिनीही गावीच राहिली.

घरात आम्ही तिघे होतो. आई मी सातवीत असताना गेली. आबा दिवस उगवायच्या आत उसाकडे जात, परत आले की रेडिओ लावून जेवत आणि रेडिओ बंद करून झोपत. त्यांच्या बोलण्याला फारसे शब्द लागत नसत. वहिनी घरात येण्याआधी असे दिवस गेले आहेत की सुट्टीत सकाळपासून रात्रीपर्यंत मला कुणाशी बोलावे लागले नाही. संध्याकाळी आमच्या घरात येणारे आवाज मला आजही सांगता येतील: गाईच्या साखळीचा, रेडिओवरच्या बाजारभावांचा, आणि दिवसभर तापलेला शेडचा पत्रा निवायला लागला की तो टणटण वाजे त्याचा. वहिनी सांगलीची. तिचे वडील हळदीच्या वखारीत कामाला होते आणि तिच्या ट्रंकेतल्या प्रत्येक कपड्याला हळदीचा वास होता. ती स्वयंपाक करताना बोलत असे. भाकरी थापताना, शेंगदाण्याची चटणी कुटताना, मटकी निवडताना ती सांगलीच्या गल्लीतल्या माणसांबद्दल सांगायची. त्या माणसांना मी कधी भेटले नव्हते, तरी त्यांची भांडणे मला पाठ झाली होती.

रविवारी गाडीचे काम असे. आण्णा त्याला मेंटेनन्स परेड म्हणायचा. पहिल्या सुट्टीत त्याने आम्हा दोघींना अंगणात उभे करून सगळे शिकवले आणि परत दोनदा म्हणून घेतले. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवायची, मग कॅन्टीनमधून आणलेल्या शांपूने धुवायचे. भांड्यांचा साबण रंगाला लावायचा नाही. गाडी सावलीत हवी. पत्र्याला हात लावून बघायचा, गार लागला तरच वॅक्सचा डबा उघडायचा. ओलसर फडक्यावर बोटभर वॅक्स घ्यायचे आणि एका वेळी एकच भाग करायचा: आधी बॉनेट, मग एक दार, मग दुसरे. थर पातळ हवा. वाळून पांढुरका धूर धरल्यासारखा झाला की आबांच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराने पुसून काढायचे. रबराला आणि काळ्या प्लॅस्टिकला वॅक्स लागू द्यायचे नाही. शेवटी पाण्याचे चार थेंब टाकायचे. ते मण्यांसारखे पळाले तर काम झाले. टायरसाठी वेगळा ब्रश होता. आमच्याकडे ट्रॅक्टरची टायरे काळी दिसावीत म्हणून सगळे डिझेल चोळत. आण्णाने ते बंद केले, रबर तडकते म्हणून. पाण्यात ग्लिसरीन मिसळून ते टायरच्या बाजूला पातळ लावायचे, जमिनीला टेकणाऱ्या भागाला नाही. खाचांतले खडे स्क्रूड्रायव्हरने काढायचे. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. गाडी उभीच राहणार म्हणून तो चारही चाकांत नेहमीपेक्षा जास्त हवा भरून जाई.

मग शेवटचे काम. एकाच जागी महिनोन्महिने उभी राहिली तर टायरचा टेकलेला भाग चपटा होतो, म्हणून इंजिन चालू करून गाडी अंगणात थोडी पुढे घ्यायची, थोडी मागे घ्यायची आणि आधीपेक्षा हातभर वेगळ्या जागी उभी करायची. हे काम वहिनीचे. किल्ली फिरवणे, क्लच, पहिला गिअर, ब्रेक, मागचा गिअर, ब्रेक, एवढे तिला येत होते. माझे काम विटांचे. गाडी थांबली की मी चारही चाकांना एकेक वीट लावायची, निघताना काढायची. दोन सीटांच्या मधल्या हँडब्रेकला आण्णाने लाल चिंधी बांधली होती आणि सांगितले होते, याला हात लावायचा नाही. तो ओढून गाडी फार दिवस उभी ठेवली की मागचे ब्रेक आतून चिकटतात. कारण त्याने सांगितले होते की नाही, मला आठवत नाही. लाल चिंधी म्हणजे हात लावायचा नाही, हे मात्र आम्हाला नीट समजले होते.

किल्ली माझ्याकडे होती. जाताना आण्णाने ती वहिनीसमोर माझ्या हातात दिली होती. "हिच्याकडं ऱ्हाऊ दे. घरची हाय." वहिनी तेव्हा त्याच्या डब्यात लाडू भरत होती.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येई, बापूच्या किराणा दुकानात. आम्ही दोघी आधीच जाऊन पोत्यांवर बसत असू. त्या फोनमधला आवाज दुकानभर ऐकू जाई आणि तेवढ्या वेळात कुणी साखर मागत नसे.

"गाडी कशी हाय?" हे पहिले.

"बरी हाय."

"वॅक्स केलं?"

"सकाळीच."

"हवा? पुढंमागं घेतली का?"

"व्हय. वैनीनं घेतली."

"उन्हात काढली नसशीला ना?"

"न्हाई, आण्णा."

"आबा बरं हायत? आन् ती?"

"ती हितंच हाय. देऊ?"

"दे. पन लवकर, माज्या मागं लाइन लागलीया."

वहिनी बोलायला लागली की मागून कुणीतरी खोकायचे आणि ती हो-नाही एवढेच बोलून फोन ठेवायची. बापू वजन करता करता म्हणे, "गाडीला ताप-खोकला काय न्हाई म्हना. सुटलो." लोक हसत. वहिनीही हसे. घरी येताना वाटेत ती बोलत नसे.

आजपासून दोन वर्षांपूर्वी, मी वर्तमानपत्रातली नोकरी सोडण्याच्या जरा आधी, पुरवणीसाठी एक मजकूर माझ्या टेबलावर आला: कामात गुंतलेल्या गाडीमालकांसाठी वॅक्सिंग आणि टायरची सोपी निगा. लिहिणारा मुलगा पंचविशीचा होता. मजकुरात चूक नव्हती. सावली, पातळ थर, मऊ कापड, गार टायर, सगळे होते. आता फवारून पुसायचे वॅक्स मिळते आणि हवा भरणारे यंत्र गाडीतच लावता येते, तेही त्याने लिहिले होते. मी एक शब्द बदलला आणि मजकूर छापायला सोडला. माझी स्वतःची गाडी साताऱ्यात इमारतीखाली आठवडेच्या आठवडे उभी असते. एका माणसासाठी ती बाहेर काढावी अशी कामे थोडी असतात.

संपाच्या त्या मे महिन्यात वहिनीच्या भावाचा निरोप आला की सांगलीतल्या एका खासगी प्राथमिक शाळेत शिक्षिकेची जागा निघाली आहे आणि मुलाखती सोमवारी आहेत. वहिनीने लग्नाआधी डी.एड. केले होते. तिने फोनवर आण्णाला सांगितले. तो म्हणाला, एवढ्यात नको, माझी बदली झाली की क्वार्टर मिळेल, मग बघू. ती "बरं" म्हणाली. त्या दिवशी वाटेत मात्र ती बोलली.

"लग्न झाल्यापासून मग बघूच चाललंय, सुरेखा. ही जागा गेली की पुढची कधी निघेल सांगता येत नाही."

"लागली तर राहशील कुठं?"

"माहेरी. शनिवारी येत जाईन इकडं."

औंधहून सांगलीला जायला तेव्हा दोन एसट्या बदलाव्या लागत.

संप सुरू होता, म्हणून तिने वडापच्या, म्हणजे वाटेत माणसे भरून नेणाऱ्या, जीपवाल्याला सांगून ठेवले होते. तो सोमवारी सकाळी फाट्यावर येतो म्हणाला. आम्ही दोघी फाट्यावर जाऊन उभ्या राहिलो. मी तिला पोचवायला गेले होते. तिने निळी साडी नेसली होती आणि प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली होती. ऊन चढले. मोटारसायकलवरून जाणाऱ्या एकाने सांगितले की जीप वऱ्हाड घेऊन पहाटेच गेली. आम्ही परत आलो. वहिनी पायरीवर बसली, चपला काढल्या, थोड्या वेळाने परत घातल्या.

"सुरेखा, किल्ली दे."

किल्ली माझ्या पेटीत वह्यांच्या खाली असे. मी दिली नसती तर ती तिथेच बसून राहिली असती, एवढे मला कळत होते. तिने मुलाखत दिली तर जागा तिला मिळेल, हेही कळत होते, कारण रात्री ती माझा अभ्यास घेई आणि तिच्याइतके चांगले मला शाळेतही कुणी शिकवले नव्हते. मी आत गेले, वह्या उचलल्या आणि किल्ली आणून दिली.

गाडी अंगणात आली तेव्हा आबा वैरणीचा भारा घेऊन शेतातून येत होते. त्यांनी भारा खाली ठेवला.

"कुठं?"

"सांगलीला, मामंजी. शाळेत मुलाखत आहे."

"चालवनार कोन?"

"मीच."

"आजपातूर दहा हात पुढं, दहा हात मागं. सांगली त्यात येती व्हय?"

"जाताना सगळं पुढंच आहे. मागं संध्याकाळी यायचं."

आबांनी पुढच्या चाकावर टाच मारली. मग मागच्या. "ही उभ्या गाडीची हवा हाय. रस्त्याला गाडी उडंल. औंधात कमी करून घ्या." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बी जा. एकटी नको."

मी चारही विटा उचलून मागच्या सीटच्या पायाशी ठेवल्या.

औंधपर्यंत आम्ही पहिल्या गिअरमध्ये गेलो. इंजिन इतके ओरडत होते की रस्त्यालगतची माणसे वळून बघत होती. शेवटी मी सांगितले की आण्णा इथे काठी मागे ओढतो. तिने ओढली, गाडीने आचका दिला आणि आवाज उतरला. तिसरा गिअर आम्हाला औंधच्या पुढे सापडला. औंधमध्ये पंक्चरच्या दुकानासमोर तिने गाडी थांबवली आणि मी खाली उतरून चाकांना विटा लावल्या. दुकानदार हातातली हवेची नळी तशीच धरून बघत राहिला.

"ताई, विटा कशाला? हितं बंगला बांधायचाय का?"

"गाडी घरंगळंल."

त्याने खिडकीतून आत डोकावून बघितले. लाल चिंधी बघितली. "मिलिटरीची गाडी हाय व्हय?"

"व्हय."

मग त्याने मान डोलावून नळी लावली. चारही चाकांतली जादा हवा सोडली, मोजली, स्टेपनीचीही मोजली. आमच्या भागात सैन्यातली एखादी गोष्ट वेगळी दिसली तर ती तशीच असणार, असे लोक धरून चालतात. कडेगावला पेट्रोल घातले, तिथेही मी विटा लावल्या. पंपावरच्या माणसाने त्यांना वळसा घालून टाकीचे झाकण उघडले.

पलूसच्या पुढे रेल्वेचे फाटक बंद होते आणि फाटकाच्या आधी चढ होता. वहिनीने ब्रेकवर पाय दाबून धरला. मी उतरून मागच्या दोन्ही चाकांमागे विटा सरकवल्या आणि तिने पाय सैल केला. गाडी हातभर मागे येऊन विटांना टेकली आणि थांबली. आमच्या मागे उसाचा मोकळा ट्रक होता. आगगाडी गेली, फाटक उघडले. वहिनीने क्लच सोडला, गाडी पुढे गेली. विटा मागे राहिल्या आणि मीही. मी दोन्ही हातांत एकेक वीट घेऊन चढावर पळत होते. ट्रकवाला भोंगा वाजवत, अर्धा बाहेर वाकून म्हणाला, "ए विटाबाई, घर नंतर बांध, आदी गाडीत बस!" फाटकाच्या पलीकडे वहिनीने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली होती. मी दार उघडून बसले. ती डोके स्टिअरिंगला टेकवून हसत होती. तिला इतके हसताना मी आमच्या घरात बघितले नव्हते. मीही हसले. आम्हाला उशीर झाला होता, तरी थोडा वेळ आम्ही तशाच बसून राहिलो.

शाळेच्या आवारात चिंचेखाली गाडी लावली. वहिनी आत गेली. मी विटा लावून धोतराचे फडके काढले आणि बॉनेटवरची धूळ पुसू लागले. आदल्या दिवशीचे वॅक्स होते, त्यामुळे धूळ एका फटक्यात निघत होती. शिपाई येऊन बघून गेला आणि परत आला.

"बाई मुलाखतीला आल्यात, आन् गाडी घेऊन? मग नोकरी कशाला पायजे?"

मी बॉनेट सोडून दार पुसायला घेतले. उत्तर मला माहीत होते, पण त्याला सांगण्यासारखे नव्हते.

वहिनी बाहेर आली, गाडीत बसली आणि तिने काच खाली केली.

"विचारलं, एवढ्या लांबून रोज कशा येणार. मी सांगितलं, इथंच राहणार आहे."

तिने ते आण्णाला विचारले नव्हते, आबांना विचारले नव्हते. मी "बरं" म्हणाले. नंतर तिच्या माहेरी गेलो. तिच्या आईने भडंग आणि चहा दिला. त्या घरात बोलणाऱ्यांचे आवाज एकमेकांवर पडत होते. मी त्यांच्यामध्ये बसले होते आणि गल्लीतली माणसे नावांनी ओळखत होते. अंधार पडायच्या आत आम्ही घरी होतो. आबांनी स्वतः चूल पेटवून भात टाकला होता. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि जेवायला बसले.

पुढच्या रविवारी बापूच्या दुकानात फोन वाजला, तेव्हा वहिनीने तो माझ्या आधी उचलला.

"गाडी मी सांगलीला नेली होती. सोमवारी."

बापूचा तराजू थांबला. पलीकडून आण्णाने विचारले:

"कुठं घासली?"

"घासली नाही."

"हँडब्रेक वापरलास का?"

"तो कुठला?"

"लाल चिंधीवाला."

"त्याला हात लावला नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"मग गाडी हुबी कशी केलीस?"

"विटा लावून."

"सांगलीत?"

"सांगलीत, पलूसला, सगळीकडं. सुरेखा होती."

पलीकडे एक आवाज झाला. तो हसला की खोकला, हे मला सांगता येणार नाही. बापू तोंडावर हात धरून आत गेला.

"मुलाखतीचं काय झालं?" आण्णाने विचारले. गाडीखेरीज दुसरे काही त्याने तिला नीट विचारलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"चांगली झाली. जागा मिळाली तर मी जाणार आहे."

"लाइन मोठी हाय माज्या मागं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. तो रागावला होता का, याची खात्री मला आजही नाही. मी त्याला नंतर कधी विचारले नाही.

जागा मिळाली. संप मिटला होता. जूनच्या सुरुवातीला मी तिची ट्रंक फाट्यापर्यंत नेली आणि कंडक्टरने ती वर चढवली. पहिले काही शनिवार ती आली. मग पाऊस, मग शाळेच्या चाचण्या. गणपतीत ती दोन दिवस आली. रविवारी मी एकटीने गाडी धुतली, वॅक्स केले, ग्लिसरीन लावले. पुढेमागेही मीच घ्यायला शिकले. विटा लावायला मला उतरावे लागे, म्हणून एका कामाला दुप्पट वेळ जाई. वेळ होता. चटणी मी कुटत असे; कुटताना बोलायला कुणी नव्हते. आबा रेडिओ लावत आणि बंद करत. आण्णाचे फोन येत राहिले, पण आता तो सांगलीला तिच्या माहेरच्या शेजाऱ्यांकडेही फोन करत असे, हे मला तिच्याकडून कळले. तिकडे रांगेची अडचण नव्हती, की असूनही तिने ती सांगितली नाही, हे मला ठाऊक नाही. नवरात्रापासून बापूच्या दुकानातला फोन एक रविवार आड यायला लागला.

दिवाळीला आण्णाला सुट्टी मिळाली. तो मिरजेला उतरला आणि सांगलीला गेला. भाऊबीजेला दोघे गावी आले. मी ओवाळले. तो जेवला, आबांशी बदलीबद्दल बोलला, शेडमध्ये गेला आणि बॉनेटवर हाताचा तळवा फिरवून बघितला. "चांगली ठेवलीस," म्हणाला. मग त्याने लाल चिंधी सोडून खिशात घातली. दुपारी ती दोघे गाडीने सांगलीला गेली. गाडी वहिनी चालवत होती. तो शेजारी बसला होता.

गाडी परत आमच्याकडे आली नाही. पुढच्या वर्षी आण्णाची बदली झाली, क्वार्टर मिळाले, पण वहिनीने नोकरी सोडली नाही. मी बारावी झाले. जूनमध्ये साताऱ्याच्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि वसतिगृहात राहायला गेले. आबा घरी एकटे राहिले.